खोरं

फोटोच्या उजव्या कडेला, अगदी तळाशी, एक लाकडी दांडा आलाय. वीतभरच. बाकी फोटो, माझ्याच तोंडाने सांगायचं तर, झकास आहे. दोन्ही बाजूंनी मेपलच्या फांद्या वर जाऊन एकमेकींना भिडल्यात, मधून सकाळचं तिरपं ऊन खाली उतरलंय, पायवाट दिसतच नाही इतकी पानं, लाल, शेंदरी, हळदीच्या रंगाची; आणि मधोमध बाबा पाठमोरे उभे, हात मागे बांधून, माझ्या नवऱ्याचं निळं जाकीट घालून, सरकारी खात्यातला माणूस झालेल्या कामाची पाहणी करताना उभा राहतो तसे. हा फोटो मी सगळीकडे टाकला. भावाने तो फोनवर वॉलपेपर म्हणून लावला, मावशीने मोठा करून फ्रेममध्ये घातला. दांडा कुणाच्या लक्षात आला नाही. मला मात्र हल्ली फोटो उघडला की आधी तोच दिसतो. कापून टाकायचा प्रयत्न केला, पण तेवढी कड कापली की उजवीकडचं खोड जातं आणि सगळं चित्र एका बाजूला कलंडतं.

तो दांडा ज्या बाईंच्या हातातला, त्यांना मी वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं होतं.

तसं पाहिलं तर घडलं काहीच नाही. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, न्यू हॅम्पशायरमधल्या क्रॉफर्ड नॉचची (नॉच म्हणजे डोंगरांमधली खिंड) माउंट विलार्डची पायवाट. सकाळचे साडेआठ. मला हवी तशी कमान आणि हवं तसं ऊन एकाच ठिकाणी सापडलं होतं आणि नेमक्या त्याच ठिकाणी एक सत्तरीच्या आसपासची बाई वाकून काहीतरी खरडत होती. डोक्याला भगभगीत केशरी टोपी, मातीने भरलेली पँट, शेजारी एक जुनी पाठपिशवी. मी इथे वीस वर्षांत कमावलेल्या सगळ्या आर्जवी इंग्रजीत तिला विचारलं, एक मिनिटभर जरा बाजूला होता का, फोटो काढायचाय. ती हसली, "हो, हो, नक्की" म्हणाली, हातातलं अवजार वाटेच्या कडेला आडवं ठेवलं, पिशवी उचलली आणि झुडपात दोन पावलं आत जाऊन उभी राहिली. मी सात-आठ फोटो काढले. बाबांना "जरा डावीकडे, आता समोर बघा, चालल्यासारखं करा" असं सांगून झालं. आभार मानले. आम्ही पुढे गेलो तेव्हा मागे पुन्हा खर्र खर्र सुरू झालं.

आता हे का टोचावं, हे कळायला थोडं माझ्याविषयी सांगावं लागेल. आमच्या इथल्या मराठी मंडळींत मी 'फुकट ट्रेलवाली' म्हणून ओळखली जाते. सप्टेंबर अर्धा सरला की फोन सुरू होतात: फॉल कलर्स बघायला कुठे जायचं, लहान मुलं आहेत, सासूबाई आल्यात, गुडघे दुखतात, आणि तिकीट नको. मी वर्षानुवर्षं चालून एक यादी केली आहे. तिचं नावच मुळी 'फुकट ते पौष्टिक'. बॉस्टनमधून लांब जायचं नसेल तर ब्लू हिल्स, सात हजार एकरांचं रान, 1893 पासून लोकांसाठी राखलेलं. सर्वांत उंच टेकडी 635 फुटांची, पण तिच्यावरून शहर आणि समुद्र दोन्ही दिसतात. अर्ध्या दिवसाची तयारी असेल तर फ्रँकोनिया नॉचमधलं आर्टिस्ट्स ब्लफ, दीड मैलाची फेरी, खाली एको लेक आणि समोर कॅनन माउंटनची रंगीत उतरण. पाय मजबूत असतील त्यांनी व्हरमाँटच्या लाँग ट्रेलचा कुठलाही तुकडा उचलावा. 272 मैल लांब, 1910 ते 1930 अशी वीस वर्षं खपून तिथल्या डोंगरभटक्यांच्या क्लबातल्या लोकांनी तयार केलेली. फ्लूम गॉर्ज माझ्या यादीत नाही, तिकीट आहे. कँकामॅगस रस्त्याच्या नोंदीत मी लिहिलं होतं, 'गाडीतून बघा, उतरू नका', कारण बऱ्याच थांब्यांवर गाडी लावायचे पाच डॉलर पडतात. लोक हसायचे आणि यादी पुढे पाठवायचे. आणि यादीत पहिल्या नंबरावर, ठळक अक्षरांत, माउंट विलार्ड. जाऊन-येऊन 3.2 मैल, चढ जेमतेम नऊशे फुटांचा, आणि वर गेल्यावर जे दिसतं त्याच्या मानाने घाम अगदीच कमी गळतो.

बाबांना तिथे नेणं हा माझा हट्ट होता. ते पहिल्यांदाच शरदात आले होते, एरवी उन्हाळ्यात येतात आणि घरामागच्या अंगणात टोमॅटोला आळी करून परत जातात. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, अर्धी नोकरी कृष्णेच्या खोऱ्यात. तीन तासांचा प्रवास आहे म्हटल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "सुकलेली पानं बघायला तीन तास?" मी गाडी चालवत त्यांना सगळं समजावलं. दिवस लहान व्हायला लागले की झाड पानातलं हिरवं द्रव्य मोडीत काढतं, मग आधीपासून आत असलेलं पिवळं आणि नारिंगी उघडं पडतं. लाल मात्र आधीपासून नसतं, ते मेपलसारखी झाडं शेवटच्या दिवसांत नव्याने बनवतात, पानात अडकलेल्या साखरेतून, आणि दिवसा लख्ख ऊन व रात्री थंडी, पण गोठवणारी नको, असं जमलं की ते लाल पेटतं. त्याआधी झाड पानातलं नत्र-बित्र जे कामाचं ते फांदीत परत ओढून घेतं आणि देठाशी पडदा घालून पान सोडून देतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे साइट बंद करतात. आधी सिमेंट, लोखंड गोदामात जमा, मग शेड पाडायची." मी म्हटलं, "बाबा, लोक यावर कविता करतात हो." ते म्हणाले, "करू देत की."

आपल्या ऋतूंच्या हिशेबात पानगळ शिशिराची, म्हणजे माघ-फाल्गुनातली, उन्हाळ्याच्या तोंडावरची. तिच्या मागोमाग पालवी असतेच. इथे ती आश्विनात येते आणि तिच्या मागे पाच-सहा महिने काही नसतं. मला वाटतं, इथल्या या रंगांच्या वेडामागे ती घाई आहे. 'पीक' नावाचा एक इंग्रजी शब्द, म्हणजे रंगांचा ऐन भर, या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी असतो: पीक आलं का, पीक गेलं का, उत्तरेत पीक झालं, आता आपल्याकडे सरकतंय. जणू हापूसची पेटी. कोलंबस डेच्या जोडसुट्टीला तर नॉचमधल्या रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्यांची रांग लागते आणि मेपलपेक्षा टेललाइट जास्त लाल दिसतात. पहिल्या वर्षी मलाही हे सगळं वेड खुळचट वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी मी सप्टेंबरपासूनच खिडकीबाहेर बघायला लागले.

तर माउंट विलार्ड. वाट क्रॉफर्डच्या 1891 सालच्या छोट्याशा रेल्वे स्टेशनामागून सुरू होते. समोर सॉको लेक, नावाला सरोवर, खरं तर तळं. पण सॉको नदी तिथून निघते हे कळल्यावर बाबा त्याच्याकडे जरा आदराने बघायला लागले. तळ्याच्या पलीकडे एक कडा आहे, राखाडी, सोंडेसारखा उतरलेला, त्याला इथे एलिफंट हेडच म्हणतात. बाबांनी चप्पल काढल्यासारखा पाय हलवला, मग बूट असल्याचं लक्षात येऊन नुसतेच हात जोडले. रूळ ओलांडले की लगेच झाडी. सुरुवातीला बीच, यलो बर्च, शुगर मेपल. खाली पानांचा थर घोट्यापर्यंत. कोरड्या पानांचा आवाज कुरकुरीत असतो असं सगळे लिहितात, पण सकाळी ती दवाने ओली असतात, आवाज दबका येतो, ओल्या गोणपाटावरून चालल्यासारखा, आणि वास येतो तो थोडा चहाच्या चोथ्याचा, थोडा मातीचा. ओली पानं दगडावर चिकटली की साबणासारखी घसरतात. बाबा प्रत्येक पाऊल आधी चाचपून, मग वजन टाकून चालत होते. पायथ्याशी हॉबलबुश नावाचं झुडूप, त्याची पानं जुन्या पैठणीच्या काठासारखी, जांभळट तांबडी, ठिकठिकाणी विरलेली. पुढे त्या बाई, तो फोटो. त्यानंतर वाट पूर्वीच्या घोडागाडीच्या रस्त्याला लागते, चढ मवाळ होतो आणि रंग संपतात. वर सगळं सूचिपर्णी रान. एकदम अंधार, एकदम थंडी, बाल्सम फरचा वास; कापूर आणि संत्र्याची साल एकत्र चुरगळल्यासारखा. लोक इथे कंटाळतात. मला तो काळोखाचा पट्टा आवडतो, कारण त्याच्या शेवटी बोगद्याच्या तोंडासारखा उजेड दिसतो आणि मग पाय थेट कड्याच्या उघड्या खडकावर पडतो.

समोर सगळं नॉच पसरलेलं. डावीकडे माउंट वेब्स्टर, उजवीकडे माउंट विली, मधे खाली रस्त्याची दोरी, उजव्या अंगाला कड्याला चिकटून गेलेला रेल्वेमार्ग, आणि उतारांवर ते सगळे रंग, वरून बघताना लोकरीच्या गालिच्यासारखे दाट. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर मी दृश्य बघतच नव्हते, ते मी पंधरा वेळा पाहिलंय. बाबा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हे नदीचं काम नाही." मी म्हटलं, काय? "नदीने कोरलेलं खोरं खाली निमुळतं होतं. याचा तळ बघ, घमेल्यासारखा गोल आहे. कुणीतरी वरून खोऱ्याने ओढून काढल्यासारखं." बरोबर होतं. बर्फाच्या नदीने खरवडलेली दरी आहे ती. माझ्या यादीत त्याविषयी एक अवाक्षर नव्हतं. 'व्ह्यू अप्रतिम' एवढंच होतं. मग मी त्यांना विली कुटुंबाची गोष्ट सांगितली. समोरच्याच उतारावरची. 28 ऑगस्ट 1826 ची रात्र, तुफान पाऊस, डोंगराची कड सुटली. घरातली माणसं आणि दोन गडी, एकूण नऊ जणं, घाबरून बाहेर पळाली आणि दरडीखाली सापडली. घरामागच्या खडकाने दरड दोन्हीकडे फाकवली आणि घर मात्र जसंच्या तसं उभं राहिलं. गोष्ट इथे सगळ्यांना माहीत असते, ती सांगताना लोक त्या घराच्या नशिबाविषयी बोलतात. बाबांनी फक्त विचारलं, "आधी दुष्काळ असेल ना? तापलेली माती एकदम भिजली की सुटते." तेही खरं होतं, त्या वर्षीचा उन्हाळा कोरडा गेला होता. आम्ही थर्मासमधली कॉफी प्यायलो. वारा इतका गार होता की कप हातात धरण्यासाठीच जास्त वेळ पीत बसलो.

उतरताना ती सकाळची बाई आवाजाने आधी कळली. खर्र, खर्र, मग थांबून धप्प.

बाबा सरळ तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. सत्त्याहत्तर वर्षांचे गुडघे, घरी खुर्चीतून उठताना 'अरे देवा' म्हणणारे, आणि पानांच्या चिखलात असे बसले जणू गावच्या पारावर. तिथे वाटेत तिरपा, दगडांचा एक बुटका बांध पुरलेला होता. असे बांध या वाटांवर पावलोपावली असतात. मी ते शेकडो वेळा ओलांडलेत, मला वाटायचं त्या पायऱ्या आहेत. बांधाच्या वरच्या अंगाला उथळ चर, तो वाटेच्या खालच्या कडेला नेऊन सोडलेला. चरात पानं ठासून भरली होती, वरची लाल, त्याखालची तपकिरी, त्याखाली काळा लगदा. बाई तो लगदा ओढून कडेला फेकत होती. बाबांनी बोटाने वरून येणारं पाणी दाखवलं, मग चर दाखवला, मग हाताने वाट खरवडल्याची खूण केली. ती म्हणाली, "एक्झॅक्टली!" पुढची दहा मिनिटं मी दुभाषी होते, त्यातली पाच अगदीच निरुपयोगी. बाबांनी मला विचारायला लावलं, वर्षातून किती वेळा? ती म्हणाली तीनदा: बर्फ वितळल्यावर, उन्हाळ्यात, आणि आता. आताचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पानांनी चर बुजले की पाणी वाटेवरूनच धावतं, दोन पावसांत माती जाते, मुळं उघडी पडतात, मग लोक चिखल चुकवायला कडेने चालतात आणि वाट रुंद होत जाते. अशा पायवाटा 'दत्तक' घेण्याची इथे रीतच आहे. 1876 साली बॉस्टनमध्ये सुरू झालेल्या अपालॅचिअन माउंटन क्लबकडेही असे दत्तक घेणारे असतात. हिने हा तुकडा अकरा वर्षांपूर्वी घेतला. अवजार तिच्या आधीच्या माणसाकडून आलेलं: पातं त्याचंच, दांडा तिने दोनदा बदलला. बाबांनी ते हातात घेऊन तोललं, पात्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "खोरं. आपलंच खोरं आहे की हे, जरा अरुंद." मग हसले. "तू खोरं दाखवायला आणलंस आणि दाखवलं हिने."

मला माफी मागायची होती. उतरताना सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. मी म्हटलं, सकाळी मी तुम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, मला कळलं नाही की… तिने हात झटकला. "सगळेच तिथे फोटो काढतात. छान ऊन येतं ना तिथे? मागच्या वर्षी मी त्या फांद्या कापल्या, तेव्हापासून येतं."

यावर काय बोलणार?

गाडीत बाबा बराच वेळ झोपल्यासारखे होते. कॉनवेच्या जवळ आल्यावर डोळे मिटूनच म्हणाले, "पाटकरी आहे ती." त्यांच्या तोंडून हा शब्द मी लहानपणी पुष्कळदा ऐकलाय. कालव्याच्या कडेने खांद्यावर खोरं टाकून रात्री-बेरात्री हिंडणारा माणूस, कुणाच्या शेताला कधी पाणी, कुठे भगदाड, कुठे घुशीचं बीळ हे ज्याला ठाऊक. बाबांच्या लेखी साहेब लोक येतात जातात, कालवा पाटकऱ्याचा असतो. तेव्हा तो किताब होता, आणि तो त्यांनी एका अमेरिकन बाईला इतक्या सहज दिला याचा मला अभिमान वाटला की हेवा, अजून ठरत नाही. फोटोबद्दल त्यांनी मला एक शब्दही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बाबा परत गेल्यावर मी वाचत बसले. आपल्याला काही लागलं की आपण वाचतो, त्याने जखमेवर माहितीचा पाला बांधल्यासारखं होतं. कळलं ते असं, की माउंट विलार्डची वाट सुरू होते तिथून हाकेच्या अंतरावर क्रॉफर्ड पाथ निघते. एबल क्रॉफर्ड आणि त्याचा मुलगा इथन या दोघांनी ती 1819 मध्ये काढली, आणि तेव्हापासून खंड न पडता राखली गेलेली देशातली सर्वांत जुनी डोंगरवाट म्हणून तिचं नाव घेतात. मी त्या वाटेवर चार वेळा गेलेय आणि दर वेळी ती 'आहे' एवढंच गृहीत धरलंय, जसा डोंगर आहे. पण डोंगरही, म्हणजे त्यावरचं रान, आपोआप राहिलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाकूडवाल्यांनी हे उतार भादरून काढले होते, उरलेल्या काटक्याकुटक्यांनी पेट घेतला. शेजारचं झीलंड खोरं 1886 मध्ये जळालं आणि 1903 मध्ये पुन्हा. आज झीलंडच्या वाटेवर पांढऱ्या सालीच्या बर्चचं जे पिवळंधमक रान दिसतं आणि ज्यावर मी यादीत तीन बदाम काढले होते, ते बर्च जळक्या जमिनीवर आधी उगवणाऱ्यांपैकी झाड. म्हणजे ते सोनं आगीच्या व्रणावरचं.

पुढे 1911 मध्ये वीक्स कायदा झाला, पूर्वेकडच्या डोंगरांतली खासगी जमीन सरकारने विकत घेऊन जंगल राखावं म्हणून, आणि 1918 मध्ये व्हाइट माउंटन राष्ट्रीय वन जाहीर झालं. आर्टिस्ट्स ब्लफ ज्या फ्रँकोनिया नॉचमध्ये आहे, ते तर विकायला निघालं होतं. चार लाख डॉलर मागत होते. राज्याने निम्मे देऊ केले, बाकीचे जमवायला न्यू हॅम्पशायरच्या वनरक्षण संस्थेबरोबर बायकांची मंडळं उतरली, आणि लोकांना एकेक झाड एकेक डॉलरला 'विकलं'. 1928 मध्ये नॉच लोकांचं झालं. मी त्या मंडळांतल्या बायका डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करते. हातात पावतीपुस्तक, दारोदार, 'ताई, एक झाड घ्या हो.' आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागताना असते तसं, अर्धं आर्जव आणि अर्धी दटावणी. त्यांच्या डॉलरवर मी शंभर वर्षांनी फुकटची यादी करते आणि आणखी वर उदारपणे वाटते. आयजीच्या जीवावर बायजी उदार.

पण या सगळ्याचा मला रागही येतो, हे लपवणार नाही. आठवड्यातून पाच दिवस ज्याची त्याची किंमत डोक्यात घेऊन फिरायचं, त्यातून सुटका म्हणून माणूस रानात जातो, तर तिथेही पानापानाला पावती चिकटलेली! मला ती वाट फुकटच हवी होती. पान पडतं तशी, कुणी न सांगता. इथे नव्याने आले त्या वर्षी आमच्याकडे खरोखरच पैसे नव्हते, गाडीत पेट्रोल टाकलं की महिन्याची चैन संपायची, आणि तेव्हा या वाटांनी मला कधी विचारलं नाही, तू कोण, कुठली, तुझ्या व्हिसाची मुदत किती. त्या न विचारण्यावर माझं प्रेम आहे. यादी त्यातूनच सुरू झाली होती, कंजूसपणातून नव्हे. किंवा नंतर नंतर थोडी कंजूसपणातूनसुद्धा.

यादी काढून टाकावी असं मनात आलं. व्हरमाँटमधल्या पॉम्फ्रेट गावाने 2023 च्या फॉलमध्ये एक रस्ताच बाहेरच्या लोकांना बंद केला, कारण एका फार्मचे फोटो फिरले आणि माणसांच्या झुंडी लोटल्या. माझ्या यादीमुळे असं काही होईल इतकी ती मोठी नाही, पण कोलंबस डेला विलार्डच्या वाटेवर मला ओळखीचे चार मराठी परिवार भेटतात, हेही खरं. शेवटी काढली नाही. सासूबाईंचे गुडघे आणि लहान मुलं कुठे जाणार? मी नाव बदललं, 'फुकट' खोडून नुसतं 'फॉलच्या वाटा' केलं. कँकामॅगसपुढे लिहिलं, पाच डॉलर भरा आणि उतरा. न्यू हॅम्पशायरमध्ये पंचवीस डॉलरचं ऐच्छिक हाइकसेफ कार्ड मिळतं, त्याचे पैसे वाट चुकलेल्यांना शोधायच्या कामाला जातात, तेही घातलं. आणि शेवटी एक ओळ: वाटेत कुणी चर उकरत असेल तर थांबा, बोला. त्या ओळीवर अजून एकाचाही प्रश्न आलेला नाही. पार्किंग कुठे करायचं यावर एकवीस आले.

या ऑक्टोबरात मी एकटीच गेले. मुद्दाम मंगळवारी, मुद्दाम पावसात. पहाटे निघून साडेसातला वाटेला लागले. पीक गेलं होतं, मेपल निम्मे उघडे, फक्त बीचची पानं कागदी सोन्यासारखी फांदीला धरून होती. ती हिवाळाभर धरतात, सोडतच नाहीत. फोटोची जागा ओळखू आली ती कमानीवरून नाही, बांधावरून. ऊन नव्हतंच. चर बुजलेला. पाणी बांधावरून उडी मारून सरळ वाटेने खाली येत होतं, माझ्या बुटांना वळसा घालून. मी थोडा वेळ इकडेतिकडे बघितलं, केशरी टोपी दिसते का म्हणून. मग बुटाच्या टाचेने पानं ओढायला लागले. नंतर एक काटकी घेतली, ती मोडली, जाड घेतली. शेवटी हातमोजे काढून हातांनीच. लगदा बर्फासारखा गार होता आणि त्याला तो वास होता, चहाच्या चोथ्याचा, फक्त फार जुन्या. दहा-बारा मिनिटांत पाणी वळलं. म्हणजे वळल्यासारखं दिसलं. मला इतका आनंद झाला की मी तिथे एकटीच मोठ्याने हसले आणि लगेच फोन काढून त्या चराचा फोटो काढला. वर गेलेच नाही.

नॉचमध्ये फोनला रेंज मिळणं मुश्कील. कॉनवेला पोहोचून, नखांतली माती तशीच ठेवून, बाबांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेआठ. त्यांचं जेवण चाललं होतं. मी सगळं सांगितलं, फोटो पाठवला. ते जवळ धरून, लांब धरून बघत असावेत, बराच वेळ नुसता वाटीत चमचा फिरल्याचा आवाज येत होता.

"मधला गाळ काढलायस," ते म्हणाले. "तोंड मोकळं केलंस का? शेवटी, कडेला, पाणी बाहेर पडतं तिथे?"

तोंड मी बघितलंच नव्हतं.